झाडीपट्टीच्या नाटकात पुढची जागा प्रेक्षकांना द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धानाची कापणी उरकत आली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली जिल्ह्यांत मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपट (बैलांच्या शर्यती) असला की रात्री नाटक ठरलेलेच. नाट्यमंडळ्यांचे केंद्र असलेल्या वडशाहून (देसाईगंज) कलावंतांची गाडी निघते, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो. मी याच रंगभूमीवरची कलावंत. आमचे ज्येष्ठ नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा सगळ्यांच्याच अंगावर मूठभर मांस चढले होते.

एका गोष्टीने मात्र जीव तुटतो. हल्ली कितीतरी गावांत रंगमंचासमोर सोफे टाकून ती जागा उद्घाटक, सहउद्घाटक आणि त्यांच्यासोबतच्या मंडळींसाठी राखतात. भाषणे लांबतात, पहिला अंक संपायच्या आत पाहुणे उठून जातात आणि सोफे तसेच रिकामे राहतात. घरून पोते-चादर आणून बसलेल्या बायाबापड्या, म्हातारी माणसे मागेच. मग संवाद कोणाकडे बघून म्हणायचा?

आमच्याकडे वाक्य प्रॉम्प्टर पुरवतो, पण ते किती ताणायचे, कुठे थांबायचे, हे समोरच्या चेहऱ्यांवरूनच कळते. गेल्या हंगामात एका गावी लोक थेट रंगमंचाला खेटून बसले होते. मुलाच्या बोलण्यात येऊन घर सोडणाऱ्या आईचे काम मी करत होते. पिशवी उचलली, तोच पुढची एक आजी उठून उभी राहिली आणि ओरडली, "नोको जाऊ माय, थो लबाड आहे!" संहितेत नसताना मी थांबले. पेटीवाल्यानेही ओळखून सूर धरून ठेवला. पुढचे वाक्य मी त्या आजीलाच म्हटले. ती रडत होती, मीही रडत होते. तो प्रवेश तसा पुन्हा कधी झाला नाही, होणारही नाही. मोबाइलवर नाटकाचे तुकडे पाहणाऱ्याला हे कसे मिळणार?

पाहुण्यांचा मान राखावाच, त्यांच्या वर्गणीवरही प्रयोग उभा राहतो. म्हणून मंडळांना विनंती आहे: उद्घाटन लवकर आटोपा, सोफे बाजूला लावा आणि रंगमंचापुढची जमीन बिछायत टाकून बायका, लेकरे व म्हाताऱ्यांसाठी मोकळी ठेवा. यंदाच्या मंडईपासूनच हे करता येईल.

– एक नाट्यकलावंत, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली