उजनीच्या नावाड्यांना आणि अनोळखी सोबत्यांना

कुंभारगावच्या नावाड्यांनो, मनापासून आभार. उजनी धरणाच्या फुगवट्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा थवा दिसताच तुम्ही लांबूनच इंजिन बंद केलंत आणि नाव बांबूनं पुढे नेलीत. "अजून जवळ घ्या" असा आग्रह झाला, तरी थवा उठू दिला नाहीत. पक्षी निवांत चरत राहिले, म्हणूनच वाकडी चोच उलटी धरून चिखलपाणी गाळताना ते टिपता आले. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंसही तुम्हीच दाखवलेत. फोटोग्राफीत खरी मदत ही अशी असते.

स्वतःची सहाशे मिलिमीटरची लेन्स विश्वासानं हातात देणारे काका, शटरचा वेग वाढवायला सुचवणारी ताई आणि परतल्यावर गरम भाकरी नि चिलापीचं कालवण वाढणाऱ्या मावशी, तुमचेही खूप आभार! पुढच्या हिवाळ्यात फोटोंच्या प्रती घेऊन येतो.