सामायिक डेटाबेस फाइल : शनिवारपासून नवी पद्धत

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी सकाळी १० ते १२ या वेळेत आपली ॲक्सेस (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) फाइल दोन भागांत विभागली जाईल. टेबल (म्हणजे आपण भरलेल्या नोंदी) असलेली फाइल सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये राहील. फॉर्म (नोंदी भरायचे पडदे) आणि रिपोर्टची फाइल प्रत्येकाने आपापल्या संगणकावर कॉपी करून घ्यायची आहे. त्या दोन तासांत कृपया कोणीही डेटाबेस उघडा ठेवू नये. एकाकडे जरी उघडा राहिला तरी काम अडेल.

गेल्या महिन्यात फाइल बिघडली आणि दोन दिवसांच्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या. तो त्रास पुन्हा कोणाला होऊ नये, म्हणून हा खटाटोप.

यापुढे एवढे पाळा :

- नोंदी भरताना वायफाय नको, केबलच जोडा. लिहिताना जोडणी तुटली की फाइल बिघडू शकते. सर्वांत जास्त धोका इथेच आहे.
- टेबलची फाइल वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवू नका. दोघांनी एकाच वेळी बदल केले, तर वेगवेगळ्या प्रती तयार होतात आणि त्या जुळवता येत नाहीत.
- सामायिक फोल्डरमध्ये टेबलच्या फाइलच्याच नावाची, शेवटी 'एलएसीसीडीबी' असलेली छोटी फाइल दिसेल. कोण कुठली नोंद वापरतंय हे तीच सांभाळते. ती पुसू नका. सगळे बाहेर पडले की सहसा आपोआप जाते.
- फोल्डरमध्ये फाइल तयार करण्याची आणि पुसण्याची परवानगी प्रत्येकाला लागते. कोणाला ती नसेल, तर शुक्रवारपर्यंत मला कळवा.

विभागणीआधी बॅकअप मी स्वतः घेईन.