डबे धुण्याबद्दल

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. इतकी वर्षं शिकून सकाळी गोगलगाईंचे डबे धुवायचे, ओला कागद बदलायचा, लेंड्या पुसायच्या आणि संध्याकाळी मुंडकी मोजायची, यात जीवशास्त्र कुठं आलं, असं विचारलंयस. बाबा म्हणाले, 'सवय होईल त्याला.' मला मात्र तुला त्याची सवय झालेली नकोय. सवय झालेला माणूस डबा धुतो, पण डब्यात बघत नाही.

ज्या पार्ट्युला गोगलगाई तू सांभाळतोस, त्या मूळच्या फ्रेंच पॉलिनेशियाच्या बेटांवरच्या. तिथं आफ्रिकेतली महाकाय गोगलगाय शेतात माजली, म्हणून तिला खायला 1970 च्या दशकात युग्लँडिना नावाची शिकारी गोगलगाय मुद्दाम आणून सोडली. ती दुसऱ्या गोगलगाईच्या चिकट मागावरून जाऊन तिला गाठते. महाकाय गोगलगाय राहिली बाजूला आणि पार्ट्युलाच्या जातीच्या जाती संपल्या. हे कुणा अडाण्याचं काम नव्हतं, रीतसर सरकारी उपाय होता. बेटांवरून वेचून आणलेल्या थोड्या जिवांची डब्यांत पैदास झाली, म्हणून काही जाती टिकल्या.

डब्यातही त्या सुरक्षित असतात असं नाही. पार्ट्युला टर्जिडा या जातीची शेवटची गोगलगाय जानेवारी 1996 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेली. डब्यातल्या अख्ख्या कळपाला एका सूक्ष्म परजीवीनं संपवलं होतं. रोगामुळे एखादी जात नामशेष झाल्याचं इतकं नेमकं उदाहरण तोवर नोंदलेलं नव्हतं. म्हणून एकाच जातीचे गट वेगवेगळ्या संस्थांत ठेवतात आणि एका डब्याचा चिमटा दुसऱ्या डब्यात घालू देत नाहीत. तुला तो नियम जाचक वाटतो. वाटू दे, पण पाळ.

आणि कागद टाकायच्या आधी उलटून बघत जा. पार्ट्युला अंडी घालत नाही, जिवंत पिल्लू देते, आणि ते पिल्लू तांदळाच्या कणीएवढं असतं. शंख जवळपास पारदर्शक, त्यामुळे ओल्या कागदाच्या घडीत ते दिसतच नाही. एक कागद न बघता कचऱ्यात गेला तर वर्षभराची बेरीज चुकते. ओला मऊ कुंचला घे, चिमटा नको. कधी मोठी गोगलगाय डब्याच्या झाकणाला चिकटून खात असेल तेव्हा झाकण उजेडासमोर धर आणि खालून बघ: तोंड उघडतं, कानशीसारखी जीभ बाहेर येते, समुद्रफेनाची पूड घातलेला लगदा खरवडून आत जाते, तोंड मिटतं. खाणं कधी थांबलं, हे तुझ्याआधी कुणालाच कळणार नाही.

आपल्या कामात फुकट जाणारी मेहनत बहुतेक वेळा अशा बारीक गोष्टी न बघता केलेली असते. इंग्लंडमधल्या मोठ्या निळ्या फुलपाखराचं तेच झालं. जाळी घेऊन येणाऱ्या संग्राहकांना अडवायला त्याच्या माळाला कुंपण घातलं, तेव्हा गुरंही बाहेर राहिली. पुढे 1950 च्या दशकात साथीनं ससे मेले. गवत वाढलं, जमीन थंड पडली. या फुलपाखराची अळी सुरुवातीला थाइम या सुवासिक रोपट्याच्या फुलांवर वाढते, मग जमिनीवर पडते आणि तांबड्या मुंग्या आपलंच पिल्लू समजून तिला वारुळात नेतात. तिथं ती महिनोन्‌महिने मुंग्यांचीच पिल्लं खाते. पण कुठल्याही तांबड्या मुंग्यांकडे तिचा निभाव लागत नाही, एका विशिष्ट जातीच्याच लागतात, आणि त्या मुंगीला उन्हानं तापलेली, अगदी आखूड गवताची जमीन हवी. कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी माळावर बसून हे उलगडेपर्यंत उशीर झाला होता, 1979 मध्ये फुलपाखरू तिथून नाहीसं झालं. पुढे स्वीडनमधून आणून ते पुन्हा वसवलं. ते टिकलं, कारण आता गवत किती आखूड हवं हे ठाऊक होतं.

पैशांबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे, त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. प्राण्यांच्या बहुसंख्य जाती बिनकण्याच्या, पण पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या जवळपास प्रत्येक जातीला किती धोका आहे ते तपासून झालंय, आणि कीटकांच्या अगदी थोड्या जातींचं झालंय. देणगीदाराला डोळ्यांत डोळे घालून बघणारा प्राणी हवा असतो. तुझा करार वाढवून मिळत नसेल तर दुसरीकडे अर्ज कर. त्याग वगैरे म्हणून तिथं अडकून राहिलास तर मला आवडणार नाही.

पण जायच्या आधी ठिपक्यांचं काम शिकून घे. बेटांवर परत सोडायच्या प्रत्येक गोगलगाईच्या शंखावर रंगाचा बारीक ठिपका देतात, म्हणजे पुढे पाहणीत ती ओळखता येते. मोरेआ बेटावर सोडलेल्या पार्ट्युला टोहिवियाना या जातीच्या, ठिपका नसलेल्या प्रौढ गोगलगाई सापडल्या, म्हणजे त्या जंगलातच जन्मून वाढलेल्या होत्या. 2024 मध्ये त्या जातीची 'वन्य अवस्थेत नामशेष' ही नोंद बदलून 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. आपल्या क्षेत्रात 'अतिसंकटग्रस्त' होणं ही बढती असते, बाबांना हे सांगून बघ.

नोंदवहीत नुसतं 'ठीक' लिहून ठेवतोस, ते बंद कर. किती खाल्लं, कुठे चिकटली होती, पिल्लं किती, मेलेल्या शंखाची लांबी किती, एवढं रोजच्या रोज लिही. मागच्या महिन्याची पानं मला पाठव, सवडीनं वाचते.

आई