बाबा, सही करण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रिडेव्हलपमेंटचा नवा प्लॅन पाहिला. जिम आहे, क्लब हाउस आहे, लॉबीत संगमरवर आहे. खिडक्यांवरचे सज्जे तेवढे गायब! तुमच्या बेडरूमला पश्चिमेकडून नुसती काच. एप्रिलात दुपारी चार वाजता तिथे एसीशिवाय बसता येणार नाही.

पुण्यात ऐन उन्हाळ्यातही रात्री पारा बऱ्यापैकी उतरतो. म्हणून तर समोरासमोर खिडक्या असलेली कोथरूडची जुनी घरं पंख्यावर निभावतात. नव्या इमारतीला माझा विरोध नाही, आईच्या गुडघ्यांना लिफ्ट हवीच. पण पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचं विजेचं बिल आज या नकाशावर ठरतंय. भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा २०१८च्या ‘इको निवास संहिते’त, म्हणजे घरांच्या वीजबचतीसाठीच्या केंद्राच्या नियमावलीत, दिली आहे. आपली इमारत त्यात बसते का, एवढं आर्किटेक्टला विचाराच.

माझंच बघा. निम्मा आठवडा मी घरून काम करते. तेव्हा खराडीच्या ऑफिसात मजला अर्धा रिकामा, तरी एसी अख्ख्या मजल्याचा चालू; इकडे माझ्या खोलीतलाही चालू. पेट्रोल वाचतं, वीज मात्र दोन्हीकडे जळते. ऑफिसवाले सुधारतील तेव्हा सुधारतील, पण यापुढे दिवसभर घरात कोणीतरी काम करत बसणार हे धरूनच घर बांधायला हवं.

सोलरचं म्हणाल, तर एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट गच्ची लागते आणि रोज सरासरी चारेक युनिट मिळतात. एवढ्या उंच इमारतीत सगळ्या फ्लॅटना ते पुरणार नाही. पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं कॉमन बिल चांगलंच उतरेल. ‘पीएम सूर्यघर’ या केंद्राच्या सोलर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदानही आहे. तेव्हा गच्चीवर पार्टी हॉल नको म्हणा. आणि मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत गाड्यांच्या चार्जिंगच्या वायरींसाठी पाइप आत्ताच टाकून घ्या, नंतर फोडाफोडी परवडत नाही.

आई, ओट्याजवळ तू १६ अँपिअरचे दोन पॉइंट माग. इंडक्शनवर भाकरी फुगत नाही, मान्य! पण कुकर, दूध, चहा होतो.

बिल्डरचा माणूस ‘करून देऊ’ म्हणेल. करारात आल्याशिवाय सही नको. शनिवारी रात्री येतेच आहे, प्लॅनची मोठी प्रिंट काढून ठेवा.

तुमची,
मनू