झाकण कोण लावतं?

प्रिय मित्रा,

"पिंजऱ्यात सापडणाऱ्यांच्या सगळ्या लोककथा शेवटी लोभाच्याच" असं एका ओळीत लिहून तू मोकळा झालास. वाचून आधी हसलो, मग चिडलो.

अरेबियन नाइट्समधली जिन्नाची गोष्ट घे. सुलेमानाची मोहर काढून कोळ्याने त्याला घड्यातून सोडवलं, आणि हा उठला त्यालाच मारायला. कोळी एवढंच म्हणाला, की तुझा पायसुद्धा यात मावायचा नाही, अख्खा तू आत होतास हे मानू कसं? जिन्न धूर होऊन परत आत. यात लोभ कुठे आला? त्याला फक्त आपलं म्हणणं खरं करून दाखवायचं होतं. ब्राह्मणाने सोडवलेल्या वाघाचंही तेच. "नक्की आत कोण होतं, तू की पिंजरा?" असं कोल्हा मठ्ठासारखं विचारत राहतो, आणि वाघ वैतागून स्वतःच आत शिरतो.

आता दुसरा कोळी, आठ पायांचा, जाळं विणणारा. (मराठीत दोघांना एकच नाव, हे मला फार आवडतं.) घानातल्या अकान लोकांचा अनान्सी. आकाशदेव न्यामेकडून जगातल्या सगळ्या कथा विकत घ्यायच्या, आणि किंमत म्हणून त्याने मागितलेले जीव पकडून आणायचे, म्हणून तो शिकारीला निघतो. अजगराला म्हणतो, तू लांब की ही काठी लांब, यावरून बायकोशी वाद झालाय. अजगर मोजून घ्यायला काठीला लागून आडवा होतो, तसाच बांधला जातो. इथवर माझं ठीक चाललं होतं. पण गांधीलमाश्या? अनान्सी त्यांच्यावर पाणी ओततो आणि म्हणतो, पाऊस आलाय, माझ्या भोपळ्यात या. त्यांना ना हाव, ना तोरा. कोरडी जागा हवी होती. ती गोष्ट अजूनही मला टोचते.

लोककथांचा अभ्यासक स्टिथ थॉम्प्सन याच्या कल्पनाबंधांच्या (कथांत पुन्हापुन्हा येणाऱ्या कल्पनांच्या) सूचीत 'के' हा कपटाचा विभाग. त्यात ७०० ते ७९९ हे आकडे नुसते कपटाने पकडण्याला दिलेत. पोत्यात शिरवणं वेगळं, बांधून घ्यायला लावणं वेगळं, पेटीत घालणं वेगळं. त्या पेटीचा मानकरी इजिप्तचा देव ओसायरिस. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, ओसायरिसचा भाऊ सेत याने गुपचूप त्याच्या अंगाचं माप घेऊन सुंदर पेटी घडवली आणि मेजवानीत जाहीर केलं, जो नेमका मावेल त्याची ही. ७२ जण कटात होते. झाकणाला खिळे, वर वितळलेलं शिसं. इथे तुझा लोभ अर्धा मान्य.

पण माझी लाडकी म्हणजे कथासरित्सागर या जुन्या संस्कृत कथासंग्रहातली उपकोशा. नवरा वररुची तपाला गेलेला, मागे लागलेले चौघं. तिने सगळ्यांना एकाच रात्री बोलावलं, प्रत्येकाला वेगळा प्रहर. दासींनी अंधारात उटणं म्हणून काजळ मिसळलेलं तेल चोपडलं. पुढचा दाराशी आला की आधीच्याला "लप, लप" म्हणत पेटीत. राजकुमाराचा मंत्री, पुरोहित, न्यायाधीश, तिघंही असे एकाच पेटीत. चौथ्या, तिच्या नवऱ्याची ठेव दाबून बसलेल्या वाण्याकडून तिने पेटीसमोर कबुली वदवून घेतली, आणि तो दरबारात नाकबूल झाल्यावर, आतले घरचे देव साक्षीला आहेत म्हणत पेटीच मागवली. "देवांनो, खरं बोला, नाहीतर पेटी जाळते किंवा इथेच उघडते." आतून तिघांनी घाबरून साक्ष दिली. वाण्याने पैसे दिले. मग राजाला राहवेना, त्याने पेटी उघडवलीच, आणि काळेकुट्ट न्यायाधीश भर दरबारात बाहेर आले!

त्या तिघांना आत नेलं ते लोभाने की अब्रूच्या भीतीने? दोन पानांत लिहून सिद्ध कर. तुला जमायचं नाही म्हणा.

तुझाच,
वाट पाहणारा मित्र