एका दुर्बिणीने भागणार नाही

महोदय,

खगोलशास्त्राच्या बातम्यांत कृष्णविवरांना भरपूर जागा मिळते. न्यूट्रॉन तारा आणि त्याचा साधा सोबती तारा यांच्या जोड्या मात्र उपेक्षित राहतात. जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा, पण सूर्याहून जड असा न्यूट्रॉन तारा सोबत्याचा वायू ओढून घेतो. त्या वायूची तबकडी तापते आणि क्ष-किरणांत झळाळते. १९६२ मध्ये सापडलेला वृश्चिक एक्स-१ हा क्ष-किरण स्रोत याच जातीचा.

या जोड्यांचे खरे वैभव त्यांच्या चंचल तेजात आहे. काही न्यूट्रॉन ताऱ्यांच्या पृष्ठभागावर साचलेल्या वायूचा अणुस्फोट होतो, तेव्हा क्ष-किरण क्षणार्धात भडकतात आणि दृश्य प्रकाशातला भडका काही सेकंदांनी मागून येतो. कारण क्ष-किरण आधी तबकडीवर किंवा सोबत्यावर आदळतात. तिथला वायू तापून मग उजळतो. या विलंबावरून, कोणत्याही छायाचित्रात न दिसणाऱ्या तबकडीच्या आकाराचा अंदाज बांधता येतो. केवढी सूक्ष्म मोजणी ही!

पीएसआर जे१०२३+००३८ या जोडीतला न्यूट्रॉन तारा तर आणखी विलक्षण. २०१३ मध्ये त्याचे रेडिओ स्पंद, म्हणजे ठरावीक अंतराने येणारे रेडिओ लहरींचे ठोके, दिसेनासे झाले आणि तबकडी पुन्हा अवतरली. तेव्हापासून त्याचे क्ष-किरण अचानक मंदावले की रेडिओ तेज वाढते. एकाच तरंगलांबीत पाहून हे नाते कधीच उमगले नसते.

भारताच्या ॲस्ट्रोसॅट या अवकाश वेधशाळेवर २०१५ मध्ये अतिनील आणि क्ष-किरण दुर्बिणी एकत्र पाठवल्या, त्यामागे हाच विचार होता. जमिनीवरील दुर्बिणींचा वेळ वाटणाऱ्या समित्यांनीही अशा एकाच वेळच्या निरीक्षणांना प्राधान्य द्यावे, आणि आपल्या विज्ञान पुरवणीने या विषयावर सविस्तर लेख छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक