मारहाण झाल्यावर कळवायचं? गृहमंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गावात मोटारसायकलवर दोघे चादरी विकायला आले. एकाने शाळेपुढच्या पोराला पत्ता विचारला, एवढंच निमित्त. दहा मिनिटांत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो, खाली 'पोरं धरणारी टोळी'. पारापाशी पन्नासेक जण जमले. कुणी आधार कार्ड मागतंय, कुणी गाठोडं उसकटतंय, बाकीचे मोबाईल वर धरून उभे. मी ठाण्यात फोन लावला.

"मारहाण झालीय का?"

"अजून नाही."

"मग झाली की कळवा."

वाचवलं ते एका आजींनी. दोघांना हाताला धरून ओट्यावर बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि स्वतः पायरीवर ठाण मांडलं. "आधी पाणी पिऊ द्या, मग काय ते विचारा." म्हातारीला ओलांडायची कुणाची छाती झाली नाही. (फोन लावून मीही गर्दीतच उभा होतो.)

साहेब, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशी आडवी बसणारी कुणी भेटली नाही. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, मंगळवेढ्याकडून साक्री तालुक्यात आलेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठेचून मारलं. अफवा हीच, पोरं पळवण्याची. पण अफवेला गिऱ्हाईक आधीच तयार असतं. भटका दिसला की चोर, हे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कागदावर आणलं. कायदा गेला, नजर राहिली. २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक गेले, तेही पोलिसांच्या डोळ्यांदेखत.

राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: झुंडबळी रोखायला प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमा. आमच्या जिल्ह्यातला कोण, हे पोलीस पाटलालाही सांगता आलं नाही. भारतीय न्याय संहितेत झुंडीच्या खुनाला जन्मठेप किंवा फाशी आहे, ठीक. पण ते कलम मढं पडल्यावर कामाला येतं.

म्हणून मागणं छोटं आहे. गर्दी जमल्याचा फोन आला की त्याच क्षणी ठाण्यातून गाडी निघावी, आणि त्या नोडल अधिकाऱ्याचा नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. आमच्याकडे तिथे सध्या पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची यादी आहे. शेजारी जागा आहे, मी बघून आलोय.

आपला,
एक ग्रामस्थ